एआय चॅटबॉट घरात, दुकानात, वावरात : तुम्ही कशाला वापरून राहिले?

मनीषनगरची सचिव

नमस्कार मंडळी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हा ते आयटीवाल्यांपुरतंच वाटत होतं. २०२४ मध्ये व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयचं वर्तुळ येऊन बसलं. २०२५ मध्ये तर एअरटेलच्या ग्राहकांना परप्लेक्सिटी आणि जिओच्या ग्राहकांना जेमिनी या चॅटबॉटच्या सशुल्क आवृत्त्या फुकट मिळाल्या, पाठोपाठ चॅटजीपीटी गो सुद्धा. आता आमच्या नागपुरातल्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींपासून वरच्या मजल्यावरच्या निवृत्त अभियंता काकांपर्यंत सगळे त्याला काही ना काही विचारत असतात.

बातम्यांमध्ये एक तर नोकऱ्या जाणार असं येतं, नाही तर सगळं सोपं होणार असं येतं. मला रोजचं ऐकायचंय. कोणतं काम त्याच्यावर सोपवता, कोणतं नाही आणि का?

माझ्यापासून सुरुवात करते. सोसायटीची सचिव असल्यामुळे सूचना, पत्रं आणि सभेचं इतिवृत्त ही माझी नेहमीची कामं. सभेत घेतलेल्या तुटक नोंदी दिल्या की इतिवृत्ताचा मसुदा लगेच तयार होतो आणि भाषाही नीटनेटकी असते. पण एका ठरावाला दोन सभासदांनी विरोध नोंदवला होता, आणि मसुद्यात आलं "सर्वानुमते मंजूर". माझ्या नोंदींत "मंजूर" एवढंच होतं, पुढचं त्याने सवयीने जोडलं. इतिवृत्त हा उद्या वाद झाला तर पुढे येणारा कागद असतो, त्यामुळे मी आता कोण बाजूने, कोण विरोधात हे नोंदींतच लिहून देते आणि मसुदा ओळ न् ओळ वाचते.

दुसरा अनुभव माहिती अधिकाराच्या अर्जाचा. एका सरकारी कार्यालयाकडून रस्त्याच्या कामाची माहिती हवी होती. मसुदा छान आला, सोबत सल्लाही आला की ५०० शब्दांपर्यंत लिहा, पहिल्या अपिलाला शुल्क नाही. हे केंद्र सरकारच्या नियमांत बसतं. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत लागतो, १० रुपये अर्जाचे आणि पहिल्या अपिलाला २० रुपये. "कार्यालय महाराष्ट्र शासनाच्या अखत्यारीतलं आहे, महाराष्ट्राचे नियम लाव" असं सांगितल्यावर दुसरा मसुदा बरोबर आला. मला यातून एवढं कळलं की त्याला माहिती भरपूर आहे, पण मी कुठे बसून विचारते आहे हे त्याला माहीत नाही.

तुमचे अनुभव लिहा.

---

इतवारी किराणा

ताई, चांगला विषय काढला.

आमचं नमकीन आणि सुक्या मेव्याचं ठोक दुकान आहे, वडिलांपासून. माझा धंदा तीन भाषांत चालतो. गावाकडचे दुकानदार मराठीत बोलतात, बाजारात हिंदी आणि बाहेरच्या पुरवठादारांशी ईमेल इंग्रजीत. पहिले इंग्रजी पत्र लिहायचं म्हटलं की भाच्याची वाट पाहावी लागे. आता मी हिंदीत बोलून सांगतो, ते इंग्रजीत लिहून देते, मी वाचून पाठवतो. थकलेल्या उधारीच्या आठवणीचे मेसेज तर मी त्याच्याकडूनच घेतो. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाला पैसे मागायचे आणि संबंधही ठेवायचे, हे लिहिणं मला जड जाते. तीन-चार प्रकारे लिहून मागतो आणि त्यातला आपल्या तोंडी शोभेल असा घेतो.

पण कराच्या बाबतीत सावध राहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, पॅकबंद नमकीन १२ टक्क्यांवरून ५ वर आलं. त्यानंतर मी एका चॅटबॉटला दर विचारला तर त्याने ठामपणे १२ सांगितला. कारण साधं आहे, त्याचं शिकणं आधीच्या तारखेला थांबलेलं होतं आणि इंटरनेटवर शोध घ्यायची सोय बंद होती. ती चालू करून, तारीख घालून विचारलं तर ५ सांगितला. बिलावर चुकीचा दर गेला तर गिऱ्हाईक, सीए आणि जीएसटी खातं, तिघांनाही उत्तर द्यावं लागते. म्हणून दर मी सीएलाच विचारतो. चॅटबॉटकडून फक्त सीएला काय काय विचारायचं त्याची यादी करून घेतो. त्याचा फायदा असा की सीएच्या ऑफिसात पंधरा मिनिटांत काम होते.

---

काटोलचा संत्रावाला

मी शेतीचं सांगतो. कुणी म्हणत असन शेतकऱ्याले हे कशाला, तं वाचा.

पानाचा, खोडाचा फोटो काढून टाकला की रोगाचं नाव, लक्षणं, उपाय, सगळं मराठीत येते. रात्री दहा वाजता कोणता कृषी सहायक फोन उचलन? त्या वेळेला हा आधार मोठा वाटते. शासनाचं महाविस्तार ॲप बी आहे, त्यातही मराठीत विचारता येते. मी दोन्ही वापरतो.

आता अडचण कुठे येते ते पाहा. झाडाच्या बुंध्यातून डिंक येऊन राहिला होता. फोटो पाहून त्याने डिंक्या ओळखला, बरोबर ओळखला. उपाय सांगितला बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचा, तोही बरोबर. पण प्रमाण दिलं १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. हे फवारणीचं १ टक्क्याचं मिश्रण झालं. खोडाले लावाची पेस्ट तेवढ्याच मोरचूद-चुन्यात १० लिटर पाणी घालून होते. १०० लिटरवालं खोडाले लावलं तं ते पाण्यासारखं ओघळून जाईन, अन् कोणी पेस्टचं प्रमाण पंपात भरून पानावर मारलं तं पानं, कोवळी फळं करपून जातीन. रोग बरोबर, औषध बरोबर, तरी बगीच्याचं नुकसान होऊ शकते.

दुसरं म्हणजे पिवळी पानं. चार कारणं सांगते, नत्र कमी, जस्त कमी, लोह कमी, मुळाशी पाणी साचणं. आमच्या काटोल-नरखेडकडे भारी काळी जमीन, पाणी धरून ठेवते, त्यात चुन्याचं प्रमाण बी जास्त. ते फोटोत दिसत नाही. मी आता विचारतानाच लिहितो : जमीन कशी, झाड किती वर्षांचं, बहार (फुलोऱ्याचा हंगाम) मृग की अंबिया, शेवटचं पाणी कधी दिलं, मागच्या महिन्यात काय फवारलं. एवढं लिहिलं की उत्तर एकदम बदलते. मंग ते उत्तर घेऊन मी अमरावती रोडच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जातो नाही तं कृषी सहायकाले दाखवतो. पहिले तिथं गेलो की काय विचारावं सुचत नव्हतं. आता साहेब लोकं बी नीट बसून बोलतात, काहून की प्रश्न नेमका असते.

औषधाचं प्रमाण मात्र डब्याच्या लेबलवरूनच घ्याचं. यात कोणाचंच ऐकाचं नाही.

---

बुटीबोरी_एमआयडीसी

संत्रावाले भाऊ, फोटो काढताना काही विशेष काळजी घेता का? माझ्या परसातल्या लिंबाचं निदान दर वेळी वेगळं येतं.

---

काटोलचा संत्रावाला

सकाळच्या उन्हात काढा, पानाची पाठ अन् पोट दोन्ही घ्या, अन् एक फोटो पूर्ण झाडाचा पाहिजे. नुसत्या एका पानावर माणूस बी फसते.

---

ओपीडी सहा नंबर

मी डॉक्टर आहे, नागपुरातच. संत्रावाल्या दादांनी जे पानाबद्दल लिहिलं तेच मी रक्ताच्या रिपोर्टबद्दल लिहिणार होते.

आता बरेच रुग्ण रिपोर्ट आधी चॅटबॉटला दाखवून येतात. मला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. पूर्वी "शुगर थोडी आहे" एवढंच सांगणारी माणसं आता एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी हे समजून येतात. ५.७ पासून मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ आणि वर गेलं की मधुमेह, हे त्यांना माहीत असतं. मग माझा वेळ पथ्य, चालणं आणि गोळ्यांवर जातो.

पण आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसू शकतं. अशा माणसाचा आकडा ५.६ आला आणि चॅटबॉटने "सामान्य" म्हटलं, तर तो निर्धास्त होऊन घरी बसेल. मी मुद्दाम करून पाहिलं. नुसता आकडा दिला तेव्हा सिकलसेलचा विषयसुद्धा निघाला नाही. "घरात सिकलसेलचा इतिहास आहे" एवढं जोडल्यावर त्याने स्वतःहून सांगितलं की ही तपासणी इथे भरवशाची नाही, दुसरी करून घ्या. म्हणजे ज्ञान होतं, पण विचारणाऱ्याने सांगितलं नव्हतं. ओपीडीत हे आम्ही विचारून काढतो, घरी बसलेल्या माणसाला काय सांगायचं तेच माहीत नसतं.

म्हणून माझा सल्ला असा. रिपोर्ट समजून घ्यायला जरूर वापरा. घरातले आजार, चालू गोळ्या, गरोदरपण, वय, सगळं लिहा. शेवटी "डॉक्टरांना विचारायचे पाच प्रश्न दे" म्हणा आणि ती चिठ्ठी घेऊन या. गोळी सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं त्याच्या सांगण्यावर करू नका. छातीत दुखतंय, एका बाजूचं अंग लुळं पडलंय, श्वास लागतोय अशा वेळी टाइप करत बसू नका, थेट मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जे जवळ असेल ते रुग्णालय गाठा.

आणि रिपोर्टचा फोटो टाकताना वरची नाव, मोबाइल नंबर, पत्ता ही पट्टी कापून टाका.

---

पांढरी काठी

मला दिसत नाही. बँकेत नोकरी करतो. वरच्या सगळ्यांपेक्षा माझा वापर वेगळा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

फोनवरचा वाचक (स्क्रीन रीडर) बटणं आणि मजकूर वाचून दाखवतो, पण चित्राच्या रूपात आलेला मजकूर त्याला वाचता येत नाही. आपल्याकडे निम्मी परिपत्रकं स्कॅन करून, शिक्का मारून, तिरकी फोटोकॉपी म्हणून येतात. लग्नपत्रिका तर नक्षीदार अक्षरांत. आजवर यासाठी सहकाऱ्याला किंवा बायकोला थांबवावं लागायचं. आता फोटो चॅटबॉटला देतो आणि तो मराठी परिपत्रक मला वाचून दाखवतो. 'बी माय आईज' या ॲपमध्ये २०२३ पासून एआय आलं, तेही वापरतो. शर्टाचा रंग, विजेच्या बिलाची रक्कम आणि शेवटची तारीख, फ्रिजमधलं कोणतं पाकीट दुधाचं आणि कोणतं ताकाचं, हे मी आता कुणाला न विचारता करतो. डोळस माणसाला या वाक्याचं वजन कदाचित जाणवणार नाही. मी चाळिशी ओलांडलेला माणूस आहे आणि स्वतःच्या घरचं बिल पहिल्यांदा स्वतः वाचलं.

जिथे थांबतो ते सांगतो. गोळ्यांच्या पट्टीवरची मुदतीची तारीख. चमकणारा चुरगळलेला कागद, त्यावर ठसा उमटवलेले आकडे. ते नीट दिसत नसलं तरी बहुतेक वेळा चॅटबॉट एखादी तारीख ठामपणे सांगून टाकतो. म्हणून पट्टी वेगवेगळ्या बाजूंनी धरून दोन फोटो देतो, उत्तर जुळलं नाही तर 'बी माय आईज'मधूनच स्वयंसेवकाला व्हिडिओ कॉल लावतो. माणूस पलीकडून "जरा उजवीकडे वळवा" म्हणतो आणि वाचतो. औषध आणि पैसे, या दोन बाबतींत दुसरा डोळा हवाच.

बँकेचं एकही कागदपत्र मी यात टाकत नाही, ते वेगळं सांगायला नको.

---

मनीषनगरची सचिव

पांढरी काठी, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. आमच्या सोसायटीच्या सूचनाही मी फोटो काढून ग्रुपवर टाकते. आजपासून मजकूर टाइप करूनच टाकेन.

---

खंडपीठाच्या पायरीवर

ज्युनिअर वकील आहे. आमच्याकडे याचा मोह फार मोठा आणि धोकाही तितकाच.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे दाखल केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. कोर्टाने ५,००० डॉलर दंड केला. आपल्याकडे केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच काढलं की निर्णय घेण्यासाठी, आदेश लिहिण्यासाठी हे वापरायचं नाही.

कलमांचा घोळ तर रोजचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणुकीचं जुनं ४२० आता ३१८(४), खुनाचं ३०२ आता १०३(१). पण शंभर वर्षांहून जास्त काळाचं लिखाण जुन्या कलमांत आहे, त्यामुळे घटनेची तारीख सांगितली नाही तर उत्तर जुन्या संहितेतून येण्याची शक्यता राहते.

मग वापरतो कशाला? पक्षकार येतो आणि गोष्ट मधूनच सुरू करतो. आधी भांडण, मग वाटणी, मग आजोबांचं मृत्युपत्र. त्याने सांगितलेलं मी नावं काढून, "थोरला भाऊ", "धाकटी बहीण" असं करून देतो आणि तारखेनुसार मांडून घेतो. कोणत्या दोन तारखांमध्ये काहीच सांगितलेलं नाही तेही विचारतो. तिथेच बहुतेक वेळा खटल्याचा गाभा दडलेला असतो. निवाडा मात्र स्वतः शोधायचा, पूर्ण वाचायचा, मगच सीनिअरच्या टेबलावर ठेवायचा.

---

अभ्यासिका_रात्रपाळी

एमपीएससी करते आहे. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून उत्तरं लिहून तपासून घ्यायची गरज खूप वाढली आणि तपासणाऱ्याचे पैसे सगळ्यांना परवडत नाहीत. मी हाताने उत्तर लिहिते, फोटो टाकते, तपासून घेते.

सुरुवातीला प्रत्येक उत्तर "उत्कृष्ट" यायचं. चॅटबॉट विचारणाऱ्याला खूश ठेवायला बघतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक नवं रूप तर इतकी हांजी हांजी करायला लागलं की कंपनीने ते मागे घेतलं. मी आता सांगते, "हे उत्तर माझं नाही, एका विद्यार्थ्याचं आहे. दहापैकी गुण दे. कोणते दोन मुद्दे राहिले, कोणतं वाक्य पुराव्याशिवाय आहे ते दाखव." एवढ्याने सूर बदलतो.

नागपूर करारावर, म्हणजे विदर्भाने एकत्र मराठी राज्यात येण्यासाठी झालेल्या २८ सप्टेंबर १९५३ च्या करारावर, लिहिलेलं उत्तर असंच दिलं होतं. मी विधिमंडळाच्या अधिवेशनावर भरभरून लिहिलं होतं आणि निधीवाटप, नोकऱ्यांतलं प्रमाण या अटींना एका ओळीत उरकलं होतं. त्याने ते बरोबर पकडलं. तारखा, कलमं, आकडेवारी मात्र पुस्तकातूनच पक्की करते.

---

मिहानचा कोडवाला

तुमच्या सगळ्यांच्या अनुभवांत एक धागा दिसतो, त्याचं तांत्रिक कारण सांगतो.

चॅटबॉटमागचं मॉडेल आतापर्यंतच्या मजकुरावरून पुढचा तुकडा कोणता यावा याचा अंदाज बांधत बांधत वाक्य तयार करतं. त्यामुळे भाषा ओघवती येते. पण "हे मला माहीत आहे" आणि "हे मी जुळवतोय" यांतला फरक त्याच्या आवाजात उतरत नाही. खरा निवाडा आणि बनावट निवाडा दोन्ही एकाच ठामपणे येतात. तुम्ही राज्य, तारीख, जमीन, आजार सांगितलं नाही तर ज्याबद्दल जगात सर्वांत जास्त लिहिलं गेलंय ते धरून तो पुढे जातो. म्हणून सचिव ताईंना केंद्राचे नियम मिळाले आणि इतवारीच्या काकांना जुना दर.

मराठीचंही एक आहे. मजकूर आत जाताना लहान तुकड्यांत तोडला जातो. जुन्या मॉडेलांत देवनागरीचे तुकडे फार पडायचे. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आलं तेव्हा चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने एक नमुना वाक्य दाखवलं होतं, मराठीत त्याचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले. म्हणून मोठा मराठी दस्तऐवज आता पूर्वीपेक्षा सहज मावतो. तरी फार लांब संभाषण झालं की सुरुवातीच्या सूचनांवरची पकड सुटते. नवं काम नव्या चॅटमध्ये सुरू करा आणि महत्त्वाच्या अटी पुन्हा लिहा.

खासगीपणाबद्दल दोन गोष्टी. सेटिंगमध्ये "तुमच्या संभाषणावरून मॉडेल सुधारू द्या" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो बंद करता येतो. आणि संभाषणाची लिंक कुणाला पाठवताना विचार करा. २०२५ मध्ये लोकांनी शोधात दिसू द्या असा पर्याय निवडून शेअर केलेली चॅटजीपीटीची संभाषणं गुगलमध्ये सापडायला लागली होती, मग कंपनीने तो पर्यायच काढला. ऑफिसच्या फायलींबद्दल तर जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन उपकरणांवर अशी साधनं वापरू नका असं सांगितलं होतं.

---

निवृत्त मुख्याध्यापक, महाल

सर्वांचं वाचलं. उपयोग मान्य आहे, पण माझी काळजी वेगळी आहे आणि ती इथे मांडलीच पाहिजे.

माझा नातू आठवीत आहे. त्याला "माझे आवडते झाड" हा निबंध होता. दोन मिनिटांत लिहून आणला. शुद्धलेखन निर्दोष, शब्द जड, आणि झाड वड. आमच्या अंगणात कडुनिंब आहे. लहानपणापासून तो त्याच्याखाली खेळतो, उन्हाळ्यात त्याची खाट तिथेच असते. त्या झाडाबद्दल एक ओळ नव्हती. निबंध वाईट नव्हता, पण त्यात तो मुलगा नव्हता. लिहिताना जे शोधावं लागतं, खोडावं लागतं, ते करूनच विचार तयार होतो असं मी आयुष्यभर वर्गात पाहिलं. ते कष्टच काढून घेतले तर मुलाकडे काय उरेल? मोठ्यांनी वापरावं, त्यांची घडण झालेली आहे. मुलांच्या हातात हे इतक्या लवकर देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

कुहीच्या मॅडम

सर, नमस्कार. मी कुही तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तुमची काळजी अगदी खरी आहे, आणि निबंध लिहून घेण्याच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूने आहे. आमच्या शाळेत मुलं चॅटबॉट स्वतः वापरत नाहीत, मी वापरते.

एका वर्गखोलीत दोन इयत्ता बसतात. वाचनाच्या पातळ्या चार. प्रत्येक पातळीला वेगळा उतारा रोज हाताने तयार करणं मला शक्य नव्हतं. एकच गोष्ट चार पातळ्यांवर लिहून घेते, जोडाक्षरं नसलेली, थोडी असलेली, अशी. पण पहिल्यांदा मासेमारीवर उतारा मागितला तर समुद्र, शिडाच्या होड्या आणि नारळाची झाडं आली. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. त्यांचे मासे वैनगंगेतले आणि मामा (माजी मालगुजारी) तलावातले. मग मी लिहिलं की तलाव आहे, मोहाचं झाड आहे, बाबा पहाटे जाळं टाकतात, आई आठवडी बाजारात विकते. उतारा बदलला आणि वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा पहिल्यांदा मोठ्याने वाचायला उभा राहिला.

मोठ्या वर्गासाठी मी उलट काम करते. चॅटबॉटकडून मुद्दाम चुकीचा उतारा घेते आणि मुलांना चुका शोधायला लावते. पुस्तक उघडतात, घरी आजोबांना विचारतात, भांडतात. त्यात शोधणंही आहे आणि खोडणंही.

---

निवृत्त मुख्याध्यापक, महाल

मॅडम, हे मला पटलं. मुलाला तयार उत्तर देण्यापेक्षा त्याला तपासनीस करणं वेगळं. मी रविवारी वस्तीतल्या मुलांचा वाचनवर्ग घेतो. तुम्ही त्याला नेमकं काय लिहून सांगता ते इथे द्याल का? नातवाला सोबत घेऊन करून पाहीन.

---

सदरमधली

विषय थोडा बदलते, पण लिहावंसं वाटलं. मी एकटी राहते. घटस्फोटानंतर रात्री झोप येत नसे तेव्हा मी चॅटबॉटशी बोलायचे. तो कंटाळत नाही, कुणाला सांगत नाही, टोमणा मारत नाही. त्या काळात मला त्याची मदत झाली हे मी मनापासून सांगते. पण हळूहळू मैत्रिणींचे फोन घेणं कमी झालं, कारण तिथे समजावून सांगावं लागे आणि इथे लागत नसे. ते लक्षात आल्यावर चॅटबॉटशी बोलायची वेळ ठरवून घेतली. कुणी अशा अवस्थेत असेल तर काय करावं, डॉक्टर मॅडम सांगू शकतील का?

---

ओपीडी सहा नंबर

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मन मोकळं करायला, विचार शब्दांत मांडायला त्याचा उपयोग होतो. पण तो तुमचा चेहरा बघत नाही, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत हे त्याला कळत नाही, आणि तुमच्या म्हणण्याला होकार देत जाण्याकडे त्याचा कल असतो, ते वर अभ्यासिकेच्या ताईंनी लिहिलंच आहे. झोप, भूक, कामावर जाणं यांवर दोन आठवड्यांहून जास्त परिणाम दिसला तर माणसाशी बोला. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात आला तर त्याच क्षणी फोन करा आणि घरातल्या किंवा शेजारच्या कुणाला तरी जवळ बोलवा.

तुम्ही स्वतःहून वेळ ठरवून घेतलीत, हे वाचून बरं वाटलं.

---

सदरमधली

आभारी आहे मॅडम. नंबर जतन केला.

---

इतवारी किराणा

सदरच्या ताई, काही लागलं तर इथे बिनधास्त लिहा. रात्री दुकान बंद केल्यावर मी रोज हा धागा उघडतो.

---

कुहीच्या मॅडम

सर, उशीर झाला, केंद्राची बैठक होती. मी वापरते तो मजकूर जसाच्या तसा देते :

"पाचवीच्या मुलांसाठी रामटेकवर आठ वाक्यांचा मराठी उतारा लिही. वाक्यं लहान ठेव. मुलं नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यात राहतात. उताऱ्यात माहितीच्या तीन चुका मुद्दाम घाल, एक ठिकाणाबद्दल, एक अंतराबद्दल आणि एक गडमंदिराबद्दल. चुका अशा हव्यात की पुस्तक बघून किंवा घरी विचारून पकडता येतील. चुकांची यादी उताऱ्यात देऊ नको, मी मागितल्यावर वेगळी दे."

यादी मागायच्या आधी मी स्वतः उतारा तपासते, कारण कधी कधी न सांगता चौथी चूक येते आणि ती त्याच्या यादीत नसते. ती फळ्यावर वेगळी लिहायची आणि ज्या मुलाने पकडली त्याचं नाव तिच्यापुढे लिहायचं. नातवाला आणाल तेव्हा उतारा तुमच्या महालावरच मागा. गांधीसागर, टाऊन हॉल, चिटणीस पार्क या सगळ्या त्याच्या पायाखालच्या जागा आहेत, तिथल्या चुका तो जागेवर जाऊन पकडू शकेल.